चुना-राख घालूनही रस्ता दर पावसाळ्यात फुगतो किंवा खचतो: ठाणे-नवी मुंबईच्या चिकण मातीतलं निदान आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. सोसायटीचा आतला रस्ता, गोदामाचं आवार किंवा प्लॉटपर्यंतचा जोडरस्ता चिकण मातीवर आहे. उन्हाळ्यात मातीत चुना आणि भाताच्या तुसाची राख मिसळून रोलर फिरवला, वर खडी टाकली, पेव्हर ब्लॉक बसवले. मे अखेरपर्यंत सगळं घट्ट. जुलैत ब्लॉक वरखाली होतात, चाकाखालून चिखल वर येतो, कडेला लाटा उठतात. कंत्राटदार म्हणतो, चुना कमी पडला, यंदा दोन टक्के वाढवू. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

चुना खरोखरच कमी पडलाय असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा चुना भरपूर असतो, पण मातीच्या आतपर्यंत पोचलेला नसतो. काही वेळा तो मातीत जाण्याआधीच मेलेला असतो. आणि काही जागा अशा असतात की तिथे चुना घालायलाच नको होता. तिथे प्रमाण वाढवलं की नुकसानही वाढतं. म्हणून पिशव्या मागवण्याआधी खणून बघा.

आधी तीन खड्डे

एक खड्डा बिघडलेल्या जागी, एक टिकलेल्या जागी आणि एक रस्त्याच्या बाहेर, जिथे चुना पडलेला नाही अशा मूळ मातीत. खोली अर्धा मीटर पुरते. खड्ड्याची बाजू फावड्याने तासून ताजी करा आणि वरून खालपर्यंत फिनॉल्फ्थॅलीनचं अल्कोहोलमधलं एक टक्का द्रावण फवारा. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात ते मिळतं. जिथे जिवंत, म्हणजे अजून खडू न झालेला, चुना आहे तिथे माती काही सेकंदांत गडद गुलाबी होते.

आता नीट बघा. वीस सेंटिमीटरचा सगळा थर एकसारखा गुलाबी झाला, तर चुना आहे आणि मिसळलाही नीट आहे. दोष राखेत, पाण्यात, दाबणीत किंवा खालच्या जमिनीत शोधायचा. वरचे आठ-दहा सेंटिमीटरच गुलाबी झाले, तर रोटाव्हेटर खाली उतरलाच नाही. गुलाबी रेघांचं जाळं आणि त्यामध्ये काळी ढेकळं दिसली, तर चुना ढेकळांच्या बाहेरच राहिला. असं ढेकूळ हाताने फोडा: बाहेर दोन-तीन मिलिमीटरची गुलाबी साल आणि आत जशीच्या तशी ओली, चकचकीत, बोटाला चिकटणारी माती. फुगणारी माती हीच.

काहीच गुलाबी झालं नाही, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फेस आला तर चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने खडूत बदललाय. फेस आला नाही तर चुना पडलेलाच नाही. इथे एक सावधगिरी हवी. उलवे, द्रोणागिरी, ऐरोली, वाशीकडच्या खाडीच्या मातीत शिंपल्यांचे बारीक तुकडे असतात आणि त्यांनाही आम्लाने फेस येतो. बाहेरच्या तिसऱ्या खड्ड्यातल्या मातीवर तेच आम्ल टाकून दोन्ही फेसांची तुलना करा.

ढेकळं: सगळ्यात जास्त आढळणारा दोष

घोडबंदरच्या पट्ट्यात, भिवंडीकडे, कल्याणच्या आतल्या भागात जिथे काळी चिकण माती लागते, तिथे मार्च-एप्रिलमध्ये ती विटेसारखी कडक असते. जेसीबीने उकरली की मुठीएवढी ढेकळं निघतात. त्यावर चुना पसरून ट्रॅक्टर दोनदा फिरवला की वरून माल एकजीव दिसतो. आतली माती कोरीच राहते आणि पावसात पाणी पिऊन फुगते.

ढेकळं किती फोडायची हे ठरलेलं आहे. चुना-मातीच्या कामात सगळा माल २६.५ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि वजनाने निदान ८० टक्के माल ५.६ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांची अपेक्षाही हीच आहे. जागेवर पाच किलो माल काढून चाळा. वजन करायला दहा मिनिटं लागतात, आणि पुढच्या पावसाळ्याचं बरंचसं भविष्य त्या दहा मिनिटांत कळतं.

कोरड्या ढेकळांवर नुसत्या यंत्राची ताकद चालत नाही. चुन्यालाच ते काम करू द्यावं लागतं. ठरलेल्या चुन्यापैकी अर्धा आधी घाला, रोटाव्हेटरने दोन-तीन फेऱ्या मारा, माती चांगली ओलसर होईल इतकं पाणी द्या, वरून रोलरची एक हलकी फेरी मारून तोंड बंद करा आणि २४ ते ४८ तास सोडून द्या. या काळात चुन्यातलं कॅल्शियम चिकण मातीच्या पापुद्र्यांवरच्या सोडियमची जागा घेतं, पापुद्रे एकमेकांना धरून गुठळी बनतात आणि मातीचा चिकटपणा उतरतो. दुसऱ्या दिवशी तीच माती रव्यासारखी सुटी होते. मग उरलेला चुना आणि राख घालून शेवटचं मिश्रण करायचं. हा एक दिवस वाचवायचा मोह बहुतेक कामांत होतो आणि तोच सर्वांत महाग पडतो.

खाडीकाठच्या मातीत अडचण उलटी असते. तिथे माती इतकी ओली असते की रोटाव्हेटरमध्ये तिचे गोळे होतात. अशा मालात पिशवीतला विरलेला (आधीच पाण्याने शमवलेला) चुना घालण्याऐवजी कळीच्या चुन्याची भुकटी वापरा. १०० किलो शुद्ध कळीचा चुना विरताना ३२ किलो पाणी स्वतःत बांधून घेतो, शिवाय उष्णतेने आणखी काही पाणी वाफ होऊन जातं. प्रमाणाचा हिशेब मात्र बदला: एक किलो कळीचा चुना म्हणजे १.३२ किलो विरलेला चुना. कळीच्या चुन्यावर काम करणाऱ्यांना गमबूट, रबरी हातमोजे, बंद चष्मा आणि मास्क हवाच. ओल्या कातडीवर तो भाजतो, आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चुना डोळ्यात गेलाच, तर स्वच्छ पाण्याने सलग वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. ही सामग्री कामावर नसेल तर त्या दिवशी पिशवी फोडू नका.

चुना जिवंत आहे का

बाजारात 'चुना' या नावाखाली वेगवेगळ्या पांढऱ्या भुकट्या मिळतात. शेतीसाठीची चुनखडीची पावडर, संगमरवर कापताना उरलेली भुकटी, खडू हे सगळं कॅल्शियम कार्बोनेट आहे. मातीत ते निव्वळ भर घालतं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हे दोनच उपयोगाचे. आयएस ७१२ या भारतीय मानकानुसार वर्ग केलेला चुना मागवा. त्यात कॅल्शियम ऑक्साइडचं प्रमाण किमान ७० टक्के असायला हवं. तपासणी आयएस १५१४ प्रमाणे होते.

माल चांगला आला तरी तो इथल्या हवेत लवकर मरतो. खाडीकाठची दमट हवा, फाटक्या गोण्या आणि ताडपत्री न घालता उघड्यावर रचलेली थप्पी असेल, तर काही आठवड्यांत वरच्या गोण्यांचा बराच चुना खडू होतो. प्रत्येक थप्पीतून चमचाभर घेऊन आम्ल टाका: किंचित बुडबुडे चालतील, उसळून फेस आला तर ती गोणी बाजूला काढा. कळीच्या चुन्याचा खडा पाण्यात टाकला की काही मिनिटांत तापून फुटला पाहिजे. गार राहिला तर तो एकतर जळालाच नाही किंवा जुना आहे. पसरलेला चुना मिसळल्याशिवाय रात्रभर उघडा ठेवणं हाही त्याला मारायचा खात्रीचा मार्ग.

किती टक्के चुना: अंदाज नको, पीएच मोजा

१९६६ साली ईड्स आणि ग्रिम यांनी मांडलेली पद्धत आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली २५ ग्रॅम कोरडी माती पाच-सहा बाटल्यांत घ्या. त्यात वजनाने २, ३, ४, ५, ६ आणि ८ टक्के चुना घाला. प्रत्येकीत १०० मिलिलीटर डिस्टिल्ड पाणी ओता. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवत तास पूर्ण करा आणि पीएच मीटरने मोजा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पीएच १२.४ येतो, तेवढ्या चुन्यात मातीची भूक भागून पुढची प्रक्रिया चालू राहते. रंग बदलणारा पीएच कागद इथे निरुपयोगी आहे.

इथल्या उन्हाळ्यात या चाचणीत एक चूक सर्रास होते. १२.४ हा आकडा २५ अंश तापमानाचा. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच ३० अंशांना सुमारे १२.३ आणि ३५ अंशांना जेमतेम १२.१ असतो. पत्र्याच्या साइट ऑफिसात मेमध्ये चाचणी घेतली तर १२.४ कधीच येणार नाही, आणि माणूस चुना वाढवत बसेल. म्हणून एका बाटलीत माती न घालता नुसतं चुन्याचं पाणी ठेवा. ती बाटली जो आकडा दाखवेल तो तुमचा १२.४.

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक चिकण मातींना ४ ते ६ टक्के पुरतात. आठ टक्क्यांनाही पीएच चढत नसेल तर मातीत सेंद्रिय अंश जास्त आहे. काळा, वासाचा खाजणातला गाळ असाच असतो. दोन टक्क्यांहून अधिक सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीवर चुना वाया घालवू नका. ती उचलून मुरूम भरा. उलट, मुळात मुरूमच असेल आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकटपणाचा प्रयोगशाळेतला आकडा) आठ-दहाच्या आत असेल, तर त्याला चुन्याची गरजच नसते.

राख: रंग बघा, मग घ्या

तुसाच्या राखेत स्वतःची बांधणारी शक्ती जवळपास नसते. तिच्यात ८५-९० टक्क्यांपर्यंत सिलिका असते. ती चुन्याशी पाण्याच्या साथीने जुळते आणि सिमेंटमध्ये जे बंध तयार होतात त्याच जातीचे बंध तयार करते. चुना नसेल तर राख ही नुसती हलकी भर. शिवाय सिलिका काचेसारखी अस्फटिक असेल तरच ती जुळते. साधारण ५०० ते ७०० अंशांवर जळलेल्या तुसाची राख करडी-पांढरट आणि बोटांत चोळली तर लगेच पिठासारखी होणारी असते. ८०० अंशांच्या वर बराच वेळ राहिली की सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ती आळशी होते. काळी राख म्हणजे न जळलेला कोळसा: तो पाणी शोषतो, जागा अडवतो, काम करत नाही.

कर्जत, मुरबाड, शहापूरकडच्या भातगिरण्यांतून राख मिळते, पण एका खेपेची दुसरीसारखी नसते. वीटभट्टीतून आलेल्या राखेत माती आणि विटांचे तुकडे असतात, आणि भट्टीच्या मधली राख बहुधा जास्त तापलेली. घाटावरच्या साखर कारखान्यांची बगॅसची राखही चालते, पण तिच्यात सिलिका तुलनेने कमी आणि अर्धवट जळालेले तंतू जास्त. ती ३०० मायक्रॉनमधून चाळून वरचं फेकल्याशिवाय वापरू नका.

प्रत्येक खेपेची छोटी चाचणी घ्या. एक भाग विरलेला चुना, तीन भाग राख, घट्ट पिठाइतकं पाणी; मळून पेढ्याएवढ्या चार वड्या करा आणि झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यासह सात दिवस ठेवा. मग पाण्यात टाका. चांगल्या राखेची वडी दुसऱ्या दिवशीही कडा धरून राहते आणि नखाने सहज ओरखडत नाही. वाईट राखेची वडी तासाभरात मऊ होऊन पसरते. मोठं काम असेल तर प्रयोगशाळेत आयएस १७२७ प्रमाणे चुन्याशी असलेली सक्रियता आणि जाळल्यावर होणारी घट दोन्ही मोजून घ्या. घट दहा टक्क्यांच्या वर गेली तर खेप परत करा.

राखेचं प्रमाण चुन्याच्या दीडपट ते अडीचपट ठेवून सुरुवात करा: ५ टक्के चुन्याला ८ ते १२ टक्के राख. त्याहून वाढवली की चुना संपतो, जास्तीची राख तशीच राहते आणि ताकद उतरू लागते. नक्की आकडा तीन-चार मिश्रणांचे दंडगोल नमुने बनवून सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या दाबशक्तीवर आणि चार दिवस पाण्यात भिजवलेल्या सीबीआरवर (थर किती भार पेलतो ते सांगणारी चाचणी) ठरवा. सुक्या नमुन्याचा सीबीआर इथे काही कामाचा नाही. रस्ता जुलैत टिकायचा आहे.

हिशेब चुकतो तो इथे

समजा, मिश्रणाची प्रयोगशाळेतली कमाल कोरडी घनता १.४५ टन प्रति घनमीटर आहे, थर दाबून २० सेंटिमीटर हवा, चुना ५ आणि राख १० टक्के. टक्केवारी कोरड्या मातीवर असते. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये २९० किलो कोरडं मिश्रण, त्यात माती २५२ किलो, चुना १२.६ किलो, राख २५.२ किलो. २५ किलोची एक गोणी जवळपास बरोब्बर दोन चौरस मीटरला. चुन्याच्या दोऱ्या मारून एक मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकात एक गोणी फोडा. ट्रॉलीतून फावड्याने उडवलेला चुना कधीही सारखा पसरत नाही. ५० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्याला १५१ गोण्या आणि साडेसात टनांवर राख लागेल.

राख गिरणीत विझवताना पाणी मारलेलं असतं. तिच्यात कोरड्या वजनाच्या ३० टक्के पाणी असेल तर साडेसात टनांऐवजी ९.८ टन ओली राख तोलून घ्यावी लागेल. ओलावा न मोजता गाडीच्या वजनावर राख घेतली की कामात चतुर्थांश राख कमी पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गफलत घनतेची. चुना-राखेने कमाल घनता उतरते आणि योग्य पाण्याचं प्रमाण वाढतं. मूळ माती १.६० वर असेल आणि मिश्रण १.४५ वर, तर जागेवर १.४३ मिळाले म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक दाबणी झाली. पण जुन्या १.६० शी तुलना केली तर तोच आकडा ८९ टक्के दिसतो. मग तपासनीस काम नापास करतो, कंत्राटदार पाणी कमी करून, रोलर वाढवून घनता ओढायला जातो आणि नुकतीच बांधू लागलेली माती मोडतो. मिश्रणाची प्रॉक्टर चाचणी (कमाल घनता आणि त्यासाठीचं योग्य पाणी काढणारी) वेगळी करा, आणि तीही चुना मिसळून दोन तासांनी, जागेवर जेवढा वेळ जाणार तेवढा देऊन.

पाणी योग्य प्रमाणापेक्षा एक-दोन टक्के जास्तच ठेवा. मिसळलेल्या मालात १५ टक्के ओलावा असेल आणि त्याला २८ टक्के हवा असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ३८ लिटर. वरच्या रस्त्याला ११ हजार लिटरवर. दहा हजारांचा एक टँकर पुरणार नाही, दुसरा आधीच सांगून ठेवा. खाडीलगतच्या बोअरचं खारं पाणी वापरू नका.

शेवटच्या मिश्रणानंतर तीन तासांच्या आत दाबणी पूर्ण झाली पाहिजे. आधी पॅडफूट (उंचवट्यांच्या ड्रमचा) रोलर, शेवटच्या फेऱ्या गुळगुळीत ड्रमच्या. राख आणि चुना सकाळी लवकर पसरा. दुपारी खाडीवरून वारा सुटला की दोन्ही शेजारच्या इमारतीत जातात आणि भांडणं होतात.

चुन्यानेच फुगलेली जमीन

हा प्रकार ओळखता आला नाही तर दर वर्षी पैसे पाण्यात. लक्षणं अशी: काम झाल्यावर काही आठवडे किंवा महिने सगळं ठीक, पहिल्या मोठ्या पावसानंतर रस्त्यावर लांबट उंचवटे. फिनॉल्फ्थॅलीन लख्ख गुलाबी, ढेकळं नाहीत, दाबणी झालेली. खड्ड्यात बघितलं तर फुगवटा फक्त चुन्याच्या थरात, खालची माती जागच्या जागी. फोडलेल्या तुकड्यात भिंगाने कधीकधी बारीक पांढऱ्या सुया दिसतात.

कारण सल्फेट. चुन्याने पीएच चढला की मातीतलं ॲल्युमिना मोकळं होतं. ते चुना, सल्फेट आणि भरपूर पाणी यांना धरून एट्रिंगाइट नावाचा स्फटिक बनवतं, आणि तो वाढताना थर उचलतो. नवी मुंबईत सल्फेट तीन वाटांनी येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, ते खाडीच्या मातीत मुरलेलं असतं. कांदळवनाखालच्या काळ्या गाळात लोहाचं सल्फाइड असतं. खणून हवेत पडलं की त्याचं ॲसिड आणि सल्फेट होतं. म्हणून असा गाळ आज तपासला तर ठीक आणि दोन महिन्यांनी वाईट निघू शकतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास हीच त्याची खूण.

तिसरी वाट सर्वांत दुर्लक्षित: डेब्रिजचा भराव. पाडलेल्या फ्लॅटांच्या राड्यारोड्यात पीओपीचं छत आणि जिप्समचं प्लास्टर असतं, आणि ते शुद्ध कॅल्शियम सल्फेट आहे. वजनाच्या निम्म्याहून जास्त सल्फेट. टनभर मातीत पाच-सहा किलो पीओपी मिसळलं की ०.३ टक्क्यांची धोक्याची रेषा गाठली. रस्त्याखाली भराव असेल तर खड्ड्यातून पांढरे, नखाने खरवडणारे तुकडे निवडून बघा. आम्लाने फेस आला तर तो चुन्याचा गिलावा. फेस न येता नुसतेच मऊ पांढरे राहिले तर पीओपीचा संशय धरा.

विरघळणाऱ्या सल्फेटची चाचणी आयएस २७२० च्या २७ व्या भागाप्रमाणे कुठलीही माती-प्रयोगशाळा करते. एकाच नमुन्यावर विसंबू नका, भरावात दहा पावलांवर आकडा बदलतो. ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर नेहमीसारखं काम करा. ०.३ ते ०.८ च्या दरम्यान असेल तर पहिला चुना घालून भरपूर पाणी देऊन माल एक-दोन दिवसांऐवजी आठवडाभर तरी मुरू द्या, म्हणजे स्फटिक दाबणीच्या आधीच वाढून घेतील. चुन्याचा काही भाग कमी करून तिथे लोखंडाच्या झोतभट्टीतल्या (ब्लास्ट फर्नेस) स्लॅगची भुकटी, म्हणजे जीजीबीएस घातली तर धोका आणखी उतरतो. ०.८ च्या वर चुना नको. तो थर काढून मुरूम भरणं हाच इलाज, आणि फुगलेल्या रस्त्यावर पुन्हा चुना टाकणं म्हणजे आगीत तेल.

खालची जमीनच बसत असेल तर

उंचवटे नाहीत, चिखल वर येत नाही, पण सगळा रस्ता हळूहळू खाली जातोय, इमारतीच्या पायऱ्यांपाशी फट पडतेय, दर वर्षी पायरीखाली एक वीट वाढवावी लागतेय? मग २० सेंटिमीटरच्या थराला दोष देऊ नका. खाडीलगतच्या सेक्टरांत मऊ सागरी माती काही ठिकाणी दहा मीटरहून जास्त जाडीची आहे, आणि वरच्या भरावाच्या वजनाने तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं निथळत राहतं. त्यावर उभे निचरा-पट्टे आणि आगाऊ भार देऊन जमीन बसवणं हा भू-तांत्रिक सल्लागाराचा विषय. चुन्यावर खर्च करण्याआधी माती तपासणीचं एक बोअर घ्या. आणि जागा कांदळवनालगत असेल तर आधी नकाशा बघा: कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम आणि भराव यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मनाई आहे. चुन्याचं पाणी खाडीत जाऊ देणंही चुकीचंच.

मुरणं, वेळ आणि कडा

दाबलेला थर किमान सात दिवस ओलसर राहिला पाहिजे. पाणी साचवू नका; दिवसातून तीन-चार वेळा फवारा मारा किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरा. वाळला की चुना पुन्हा खडूकडे वळतो. या सात दिवसांत मिक्सर, डंपर, टँकर वर येऊ देऊ नका.

चुना आणि राखेची जोडणी संथ असते. खरी ताकद अठ्ठावीस दिवसांच्या पुढेही वाढत राहते. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी किमान सहा आठवडे म्हणजे शेवटचा थर एप्रिल संपण्याआधी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात केलेलं काम कागदावर पूर्ण असतं, जमिनीत अर्धं.

बिघाड कडेपासून सुरू झाला असेल तर पाणी बाजूने येतंय. चुन्याचा थर फरसबंदीच्या दोन्ही बाजूंना निदान ३० सेंटिमीटर जास्त न्या, गटाराचा तळ थराच्या तळापेक्षा खाली ठेवा, आणि भरतीच्या वेळी जिथे गटार उलटं भरतं तिथे थराखाली १५ सेंटिमीटर जाड खडीचा थर टाका, म्हणजे खालचं पाणी केशाकर्षणाने वर चढणार नाही.

आधीच बिघडलेला तुकडा दुरुस्त करताना

ब्लॉक आणि खडी उचला, थर पूर्ण खोलीपर्यंत उकरा. उकरलेल्या मालावरच पीएच चाचणी घ्या. त्यात जुना चुना किती उरलाय त्यावर नवीन किती हे ठरतं. ढेकळांचा दोष असेल आणि चुना जिवंत असेल, तर दीड-दोन टक्के नवीन चुना, एक दिवस मुरवणं, पुन्हा चाळणी-चाचणी आणि दाबणी इतकं पुरतं. चुना खडू झाला असेल तर मूळ मातीसारखं पूर्ण प्रमाण धरा. राख दोषी असेल तर जुनी काळी राख काढता येत नाही. तिच्यामुळे वाढलेली पाण्याची भूक लक्षात घेऊन नवी प्रॉक्टर करा. जुन्या-नव्याच्या सांध्यावर जुना थर उभा न कापता अर्धा मीटर आत उकरून नव्यात मिसळा, नाहीतर पुढची भेग बरोबर त्याच रेषेवर येते.

ब्लॉक परत बसवण्याआधी थरातून मुठीएवढा तुकडा काढून बादलीत रात्रभर बुडवा. सकाळी तो जसाच्या तसा असेल तर खडी टाका. कडा झडून तळाशी चिखल बसला असेल तर थर अजून आठवडाभर ओला ठेवा आणि पुन्हा बघा.